दारव्ह्याच्या भाऊंनी विचारलेला वाइस: हा करवतीला धार लावायचा आहे, भंगारात देऊ नका

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. दारव्ह्याजवळच्या गावात तुमचं जुनं घर पाडताना माळ्यावर एक विचित्र वाइस, म्हणजे माल घट्ट धरायचा शिकंजा, निघाला. जबडे अकरा इंच लांब, पण वरच्या धारेपाशी फक्त तीन सूत जाड (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). जबड्यावर दाते नाहीत, आतून एक उथळ खाच आहे आणि तिच्यात काळं कडक झालेलं काहीतरी चिकटलंय. फिरवायचा स्क्रू नाही, एक दांडी दाबली की जबडा बंद होतो. खाली गोल गोळा आहे त्यावर सगळं मुंडकं कलतं, आणि त्याच्याही खाली टेबलाच्या कडेला कसायची पकड. आजोबा जिनिंगमधे, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मिस्त्री होते असं घरचे सांगतात. लोहार म्हणतो पत्रा वाकवायचा आहे, चुलतभाऊ म्हणतो चामडं शिवायचा, आणि तुम्हाला स्वतःला वाटतं जिनची सुरी धरायचा असेल. भंगारवाला किलोच्या भावाने मागतोय.

तर हा करवतीचा वाइस आहे जी. सुताराची हातकरवत दात वर करून याच्यात धरायची आणि एकेक दाताला तिकोनी कानस मारायची, एवढ्याच कामासाठी बनवलेला. फोटो पाहूनच मला ९० टक्के वाटलं होतं पण तुम्ही दिलेली मापं आणि ती काळी पट्टी पाहून शंका राहिली नाही. आता काहून म्हणतो ते सविस्तर सांगतो, काहून की उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी दुसरा काही वाइस निघेल तेव्हा त्यालाही हाच विचार कामी येईल.

कोणताही अनोळखी वाइस समोर आला की लोकं आधी कंपनीचं नाव शोधतात. नाव नंतर. आधी पाहायचं की हा धरतो काय आणि त्याच्यावर जोर कोणत्या बाजूने येतो. वाइस बनवणारा लोखंड फुकट घालत नाही, जिथे जोर येणार तिथेच माल जाड ठेवतो, त्यामुळे आकार पाहूनच निम्मं उत्तर मिळतं. लोहाराचा पायवाला वाइस पाहा, आपल्याकडे जुन्या लोहारांच्या दुकानात अजून दिसतो, त्याचा एक पाय थेट जमिनीपर्यंत जातो. वरून घन पडतो तो झटका टेबलाने झेलायचा नाही, पायातून जमिनीत जायचा, म्हणून तो पाय. आणि तो बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, नसतो, घडीव लोखंडाचा असतो, बीडावर घन घातला तर तडकेल. त्याचा पुढचा जबडा खाली खिळीवर फिरतो म्हणून उघडला की तिरपा उघडतो, समांतर नाही, आणि लोहाराला त्याचं काही वाटत नाही कारण त्याला लाल लोखंड अर्धा मिनिट धरायचं असतं. फिटरचा वाइस उलटा, त्याचे जबडे समांतर सरकतात कारण फिटरला कानशीने सपाट करायचं असतं, माल तिरपा धरला गेला तर कामच बिघडलं. पाइपचा वाइस व्ही आकाराचा आणि दातेरी, कारण पाइपाला आटे पाडताना जोर गोल फिरण्याचा येतो आणि पाइप आतल्या आत फिरायला नको. बग्गी आणि गाड्या बनवणाऱ्यांचा वाइस असायचा त्याचे जबडे टेबलाच्या बरेच वर उंच गेलेले, वाकडेतिकडे लाकडी भाग टेबलाला न अडकता धरता यावेत म्हणून. आणि फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवणाऱ्यांचा तर कुठेही कलतो, कुठेही फिरतो, अमेरिकेतल्या एमर्ट कंपनीचा १८९१ च्या पेटंटचा वाइस त्यात सगळ्यात नावाजलेला.

आता तुमच्या वाइसकडे या. जबडा लांब आहे पण पातळ आहे, म्हणजे हातोडी याच्यावर चालणारच नव्हती. जबड्यावर दाते नाहीत म्हणजे माल ओढला किंवा फिरवला जाणार नव्हता. स्क्रूच्या जागी दांडी आणि कॅम, म्हणजे एका बाजूने फुगीर असलेला तुकडा जो फिरवला की जबडा दाबतो, त्याचा अर्थ माल नेहमी एकाच जाडीचा आणि पातळ, आणि पुन्हा पुन्हा सोडून सरकवायचा. एका वेळी अकरा इंच धरायचा, एक मिलीमीटरच्या आसपास जाड, सारखा सरकवावा लागणारा माल कोणता? करवतीचं पातं. हातकरवत साधारण २२ ते २६ इंच लांब असते, म्हणजे एका बाजूने दात घासताना ती सरकवून दोन-तीन जागी धरावी लागते, दर वेळी स्क्रू फिरवत बसलं तर माणूस वैतागून जाईल, म्हणून दांडी.

आणि इतका लांब जबडा काहून पाहिजे, तर आवाज होऊ नये म्हणून. हे ज्याने करवत घासली त्यालाच समजतं. पातं साध्या वाइसमधे मधोमध चार इंचांत धरलं आणि टोकाकडच्या दातावर कानस मारली की पातं थरथरतं, कर्रर्र असा कान फाटणारा आवाज येतो, कानस दातावरून उड्या मारते. त्यात दात तर एकसारखा होत नाहीच, कानशीचे स्वतःचे दातही मरतात, नवीन कानस एका करवतीत बाद होते. म्हणून पातं दातांच्या अगदी खाली आणि लांबवर धरायचं, दात जबड्याच्या वर फक्त एक ते दोन सूत दिसले पाहिजेत, त्याहून जास्त नाही. तुमचे जबडे फक्त वरच्या धारेला भिडतात आणि खाली पोकळी आहे असं फोटोत दिसतं, त्याचं कारण हेच, सगळा दाब दातांच्या रेषेवर द्यायचा आहे. आणि ती खाचेतली काळी पट्टी म्हणजे जुना रबर, थरथर आणि आवाज मारण्यासाठी घातलेला. अमेरिकेत वेंटवर्थ नावाचा रबर लावलेला करवतीचा वाइस मिळायचा तो याच गुणावर विकला जायचा. खालचा गोळा आहे तो पातं कलवण्यासाठी, उजेड दातांवर नीट पडावा आणि कानस हाताला सोयीच्या कोनात चालावी म्हणून.

आता बाकीच्यांच्या अंदाजांचं पाहू. लोहारभाऊंचा अंदाज वाईट नाही, पत्रा वाकवायच्या साधनालाही लांब जबडे असतात. पण पत्रा वाकवताना जबड्याच्या धारेवरच ठोकतात, त्यामुळे ती धार भरीव असते आणि वापरून वापरून गोल झालेली असते, हातोडीचे वळ असतात. तुमच्या धारेवर तसं काही दिसत नाही, आणि तीन सूत बीडावर कोणी पत्रा ठोकला असता तर हा वाइस तुमच्यापर्यंत पोचलाच नसता. चामडं शिवायचा चिमटा बहुतेक लाकडाचा असतो, मांडीत किंवा गुडघ्यात धरायचा, जबडे अरुंद, कारण शिवणारा दोन्ही बाजूंनी दोन सुया घालतो आणि त्याला हात आरपार फिरवायला जागा लागते. अकरा इंचाचा जबडा त्याच्या हाताला आडवा येईल. आणि जिनची सुरी, हा अंदाज तुम्ही आजोबांवरून केला ते समजतं, पण आपल्या विदर्भातल्या जिनात डबल रोलर जिन चालतात, चामड्याचा रोलर आणि त्याला टेकलेली सुरी. त्या जुन्या रोलरची लांबीच ४० इंच आणि सुरी त्याच लांबीची, जाड पट्टी. ती धरायला हा वाइस फार लहान आणि फार नाजूक.

पक्कं करायचं असेल तर आज संध्याकाळी एवढं करून पाहा. जबड्याची वरची धार कापडाने पुसा, मोबाइलचा टॉर्च आडवा धरून भिंगातून पाहा. करवत घासताना कधी ना कधी कानस खोल जाऊन जबड्याला लागतेच, त्याच्या बारीक रेघा वरच्या धारेवर राहतात. त्या सापडल्या की काम संपलं, चामड्याच्या किंवा पत्र्याच्या वाइसवर तशा रेघा येत नाहीत. त्यातही अजून एक गंमत आहे, रेघा जबड्याला बरोबर काटकोनात असतील तर इथे लाकूड उभं चिरायच्या करवती घासल्या गेल्या, कारण त्यांचे दात सरळ घासतात, आणि रेघा तिरप्या असतील तर आडवं कापायच्या, कारण त्यांच्या दाताला दोन्ही बाजूंनी चाकूसारखी तिरपी धार देतात. दोन्ही सापडल्या तर आजोबांकडे दोन्ही करवती होत्या असं समजा. मला तर वाटतं दोन्ही सापडतील.

दुसरी परीक्षा जबड्याची. दांडी हळूच दाबून जबडे नुसते टेकवा आणि उजेडाकडे धरून मधून पाहा. दोन्ही टोकं आधी टेकली पाहिजेत आणि मधे केसाएवढी फट दिसली पाहिजे. हा दोष नाही, मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण दाब मधे येतो, आणि दांडी पूर्ण दाबली की जबडा ताणून सगळ्या लांबीवर सारखा बसतो. कागदाच्या पट्ट्या तीन जागी घालून ओढून पाहा, तिन्ही सारख्या घट्ट पाहिजेत. कोणी हुशारी करून हे जबडे ग्राइंडरवर सपाट करून देतो म्हणाला तर देऊ नका, वाइस कायमचा बाद होईल.

आता दारव्ह्याच्या खेड्यात हा आला कुठून, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला. आपल्या गावच्या सुताराकडे असा वाइस नसायचा, आणि त्याचं कारण गरिबी एवढंच नाही. आपला सुतार जमिनीवर बसून काम करायचा, लाकूड पायाने धरायचा, त्याची करवत पुष्कळदा स्वतःकडे ओढताना कापणारी असायची. धार लावायला एक लाकडाचा ओंडका, त्यात चीर, चिरेत करवत घालून पाचर ठोकली की झालं, बंडी असो की तिफण की वखर, सगळं या बैठकीवर बनलं आणि उत्तम बनलं. टेबलाच्या कडेला कसायचा वाइस त्याला लावणार कुठे, टेबलच नाही. म्हणजे हा वाइस अशा जागेतून आला जिथे उभं राहून बेंचवर काम व्हायचं आणि ढकलून कापणाऱ्या विलायती करवती होत्या. आपल्या भागात अशा जागा मोजक्याच, रेल्वेची वर्कशॉपं, सरकारी बांधकाम खातं, आणि जिनिंग-प्रेसिंग कारखाने. भुसावळहून रेल्वे नागपूरला १८६७ साली पोचली, त्याच्यामागे वऱ्हाडातल्या कापसाच्या गावांत कारखाने उभे राहिले, पुढे यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी शकुंतला तुमच्या दारव्ह्यातूनच गेली, कापूस न्यायलाच. या कारखान्यांत यंत्रं बाहेरून यायची आणि ती सांभाळायला मिस्त्री आणि सुतार पगारावर असायचे, दारं, खोकी, फळ्या, गाठी दाबायच्या पेटीचं लाकूड, सगळं त्यांच्याकडे. आजोबा जिनात मिस्त्री होते हे घरच्यांचं सांगणं या वाइसशी बरोबर जुळतं. त्यांच्या हत्यारांच्या पेटीतलं बाकी काही उरलं असेल, एखादी लाकडी मुठीची करवत, तिकोनी कानशी, दात वाकवायचा चिमटा, तर तेही सांभाळून ठेवा, ते सगळं एकाच संसारातलं आहे.

कंपनी आणि साल शोधायचं तर अक्षरं वाचावी लागतील. तुम्ही म्हणता 'पॅट' (म्हणजे पेटंट) एवढं वाचता येतं आणि पुढे आकडे आहेत. तारेचा ब्रश मशीनवर लावून घासू नका, उठावाची अक्षरं झिजून जातील. आधी रॉकेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी पितळेच्या ब्रशने हाताने घासा, कोरडं करा आणि वरून खडू आडवा फिरवा. उठाव पांढरा होतो, खड्डा काळा राहतो, अक्षर आपोआप दिसतं. कागद ठेवून शिसपेन्सिल घासली तरी चालतं. अमेरिकन माल असेल तर फिलाडेल्फियाची डिस्टन, सिरॅक्यूजची स्टर्न्स अशी नावं निघू शकतात, दोघांनीही करवतीचे वाइस विकले. डिस्टन तर १८४० पासून करवतीच करणारी कंपनी. अमेरिकन पेटंटचे चालू आकडे १८३६ ला एकपासून सुरू झाले आणि दहा लाखावा नंबर ऑगस्ट १९११ मधे पडला, म्हणजे तुमचा आकडा सहा अंकी निघाला तर पेटंट त्याच्या आधीचं, सात अंकी तर नंतरचं. इंग्लंडचा असेल तर हा हिशोब चालत नाही, तिकडे १९१५ पर्यंत दर वर्षी नंबर पुन्हा एकपासून सुरू व्हायचे, त्यामुळे नंबरसोबत साल असेल तरच उपयोग. आणि एक लक्षात असू द्या, पेटंटचं साल म्हणजे वाइस बनल्याचं साल नाही, एकच साचा कंपन्या कितीतरी वर्षं ओतत राहायच्या.

खालच्या पकडीच्या स्क्रूवरूनही देश कळतो, थ्रेड गेजची, म्हणजे आटे मोजायच्या साधनाची, दातेरी पाती लावून पाहा. आट्यांचा कोन ५५ अंश असेल तर इंग्लंडचं व्हिटवर्थ नावाचं आट्यांचं माप, जे १८४१ पासूनचं आहे, ६० अंश आणि माप इंची असेल तर बहुतेक अमेरिकन. आटे चौकोनी असतील तर यातून काही कळणार नाही. फक्त इंची आटे आहेत म्हणून जुना असं मात्र समजू नका, आपल्या देशात मेट्रिकचा कायदा १९५६ ला झाला पण इंची आटे त्याच्यानंतरही वर्षानुवर्षं चालू राहिले.

साफसफाईचं सांगतो. धातू बहुतेक बीड आहे. खालच्या बाजूला न दिसणाऱ्या जागी कानस मारून पाहा, काळी भुकटी पडली आणि बोट काळं झालं तर बीड, चकचकीत बारीक कीस निघाला तर पोलाद किंवा घडीव लोखंड. बीड असेल तर साफ करायच्या आधी तडा पाहायचा. रॉकेल लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, कोरडं पुसा आणि खडूची भुकटी चोळा, तडा असेल तर आतलं रॉकेल वर येऊन खडूवर काळसर रेघ उमटते. दांडीच्या खिळीजवळ आणि गोळ्याच्या मानेपाशी नीट पाहा, तिथेच जातो. गंज जास्त असेल तर प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर, काळी वायर वाइसला आणि लाल वायर एखाद्या भंगार लोखंडी पट्टीला, दोन्ही एकमेकांना टेकू द्यायच्या नाहीत. ही लाल वायरची पट्टी स्टेनलेसची अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे उघड्यावर करा, घरात नाही, त्यातून हायड्रोजन निघतो, जवळ बिडी-काडी नको. याने जुना काळा रंगही निघून जातो, तो ज्यांना ठेवायचा त्यांनी नुसत्या रॉकेलवर भागवावं. मी असतो तर तेच केलं असतं, शंभर वर्षांचा रंग परत लावता येत नाही.

तुम्ही विचारलं दांडीचा कान तडकलाय तो गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेऊ का. साध्या रॉडने नको. बीडावर साधा माइल्ड स्टीलचा रॉड मारला की जोड लगेच कडक होतो आणि थंड होताना शेजारीच नवीन तडा जातो, हे मी दुकानात आलेल्या पंपांच्या आणि इंजिनांच्या भागांवर सारखं पाहतो. एक तर पितळेचा जोड गॅसवर, सगळा भाग हळूहळू तापवून, किंवा निकेलचा रॉड, थोडं थोडं मारत आणि शेवटी राखेत पुरून सावकाश थंड करत. हे जमणारा माणूस दिग्रस किंवा यवतमाळला शोधा, दोनशे-चारशे जास्त गेले तरी चालतील. नाहीच मिळाला तर तडकलेल्या कानाला दोन्ही बाजूंनी पट्टी लावून बोल्ट मारा, काम त्याने पण होतं.

भंगारवाल्याला नाही म्हणून सांगा. किलोने विकला तर दोनशे रुपडे मिळतील आणि असा वाइस परत मिळणार नाही. आणि हा शोकेसमधे ठेवायचा माल पण नाही, हा अजून कामाचा आहे, कोणा सुताराकडे जुनी करवत असेल तर आजही याच्यावर धार लागते. फक्त हल्लीच्या स्वस्त करवतींवर प्रयत्न करू नका, ज्यांच्या दातांची टोकं निळी-काळी दिसतात, ते दात इतके कडक केलेले असतात की कानस नुसती घसरते, त्या करवती फेकूनच द्यायच्या असतात. जुनी घ्या.

धार लावायचा क्रम असा, आधी सपाट कानस दातांच्या माथ्यावरून लांबीत एकदा-दोनदा फिरवायची, सगळे दात एका उंचीत यावेत म्हणून, प्रत्येक दातावर एक चमकता ठिपका दिसला पाहिजे. मग तिकोनी कानशीने आकार, मग दात एकाआड एक डावीकडे उजवीकडे थोडे वाकवायचे म्हणजे करवत लाकडात अडकत नाही, आणि शेवटी धार. कानस फक्त पुढे जाताना दाबायची, परत येताना उचलायची. एक सोडून एक दात घासत जायचा, मग करवतीची मूठ दुसऱ्या बाजूला करून राहिलेले. प्रत्येक दाताला मोजून तेवढेच हात. तो चमकता ठिपका संपला की त्या दाताला पुढे हात लावायचा नाही. कानस निवडताना तिची एक बाजू दाताच्या खोलीच्या दुपटीहून थोडी मोठी पाहिजे, म्हणजे कानस फिरवून तिन्ही कोपरे वापरता येतात.

खाचेत नवीन रबर घालायला ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापा, जुना रबर आधी लाकडी पाचरीने खरवडून काढा, पोलादी पटाशीने नाही. वाइस खिडकीसमोर अशा उंचीवर कसा की दात तुमच्या कोपराच्या जरा खाली येतील आणि उजेड समोरून पडेल. कसताना टेबलाच्या खालून एक लाकडी फळी द्या, नाहीतर पकडीचा स्क्रू लाकडात रुतत जातो आणि वाइस ढिला होतो. रेघा पाहिल्या की फोटो टाका, पाहू काय निघतं.